पहिल्यांदाच दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली, तर?

या पानावर आपण मधुमेह, रक्तदाब, बाळंतिणीचा आहार असे विषय घेतो. यावेळी विषय कोर्टाचा वाटेल, पण त्याची सुरुवात रक्तातूनच होते.

डाळजच्या बाजूच्या एका वस्तीतली मावशी महिन्यापूर्वी सकाळीच घरी आली. तिचा मुलगा सव्वीस वर्षांचा, पिकअपवर ड्रायव्हर. भिगवणच्या बाजाराची मासळी भरून पहाटे पुण्याकडे जायचे, हे त्याचे रोजचे काम. आदल्या रात्री वस्तीत हळद होती. बारापर्यंत पिणे झाले, मग चार-साडेचार तास झोप, तोंड धुऊन, चहा घेऊन पाच वाजता गाडीवर. महामार्गावर गाडी थांबवली, मशीनमध्ये फुंकायला लावले, आकडा आला ५८. "ताई, तो शुद्धीत होता हो. रात्रीची कधीच उतरली होती," मावशी सांगत होती. नातेवाइकांपैकी जो तो एकच सल्ला देत होता: कोर्टात जा, कबूल कर, दंड भर, मोकळा हो. मावशीचा प्रश्न सरळ होता. "कबूल करायचं का लढायचं?"

मी वकील नाही. तरी तिच्याबरोबर कागद बघितले, जाणत्या लोकांना विचारले, आणि जे समजले ते इथे लिहिते आहे. पुणे-सोलापूर रस्त्याकाठच्या आपल्या वस्त्यांमधली कितीतरी पोरे ड्रायव्हर आहेत. कुणी उसाच्या ट्रॅक्टरवर, कुणी दुधाच्या टेम्पोवर, कुणी रात्रीच्या मालट्रकवर. डाळजला महामार्ग पोलिसांचे मदत केंद्र आहे, त्यामुळे तपासणी ही इथे रोजची गोष्ट आहे.

आधी त्या ५८ आकड्याचे बघू, कारण "उतरली होती" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले आहे आणि ते बहुतेक वेळा खोटे ठरते. बोलणारा खोटे बोलत नसतो, त्याचे शरीर त्याला फसवत असते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. त्याच्या वर गेले की गुन्हा. देशीची १८० मिलीची एक क्वार्टर साठ किलो वजनाच्या माणसाने रिचवली, तर रक्तातले प्रमाण अंदाजे १५० पर्यंत जाऊ शकते. यकृत ते तासाला साधारण १५ ते २० या वेगाने कमी करते. म्हणजे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटे चारलासुद्धा मर्यादेच्या वर असू शकते, आणि बाराला संपवलेली असेल तर सकाळी सहाला नक्की धोका. साध्या बियरची एक मोठी बाटलीसुद्धा दोन-अडीच तास घेते. स्ट्राँग असेल तर त्याच्या दुप्पट. वजन कमी असेल, पोट रिकामे असेल, यकृत आधीच खराब असेल, तर हिशेब आणखी बिघडतो. बाईच्या शरीरात तेवढ्याच दारूने प्रमाण जास्त चढते. हातभट्टीचे तर मोजमापच नाही, तिच्यात काय मिसळले आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती सगळी गरीब वस्तीतलीच होती.

लिंबू, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ, उलटी काढणे, यातल्या कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. झोप आली, डोके हलके झाले, म्हणून माणसाला वाटते उतरली. मशीनला तसे वाटत नाही. बडीशेप, गुटखा, पेपरमिंटच्या गोळीने वास झाकला जातो, आकडा झाकला जात नाही, कारण मशीन फुप्फुसातून आलेली हवा मोजते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. हेल्मेटच्या चलानासारखे हे मोबाईलवर पैसे भरून मिटत नाही. यात तडजोड शुल्क नाही, कोर्टातच जावे लागते. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. जामीनदार मिळत नसेल इतकी गरिबी असेल, तर वैयक्तिक बंधपत्रावर सोडण्याची तरतूदही कायद्यात आहे.

"कबूल कर आणि मोकळा हो" या सल्ल्यात लोक एक गोष्ट विसरतात. कबुली दिली की ती शिक्षा ठरते, आणि शिक्षा कागदावर राहते. पुढच्या वेळी तो "दुसरा गुन्हा" होतो. पोलीस भरती, एसटीत चालक, सुरक्षा रक्षक, कुठेही चारित्र्य पडताळणी आली की तो कागद पुढे येतो. शिवाय लायसन्स आहेच. पोलीस ते जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवतात, पहिल्या वेळी तीन महिने ते बाद होऊ शकते. आपल्या भागातल्या गाड्यांसाठी ते कार्यालय बारामतीला, एमएच ४२. पण लायसन्स बाद करण्याआधी म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, हे फार थोड्यांना माहीत असते. नोटीस आली की पोरे घाबरून जातच नाहीत, आणि एकतर्फी आदेश होतो. जावे. लेखी म्हणणे द्यावे, त्याची पोच घ्यावी.

मग लढायचे कशावर? इथे मी मावशीला जे सांगितले तेच सांगते: खोटे उभे करायचे नाही. "गाडी दुसराच चालवत होता" म्हणून धाकट्या भावाला पुढे करणे, पैसे देऊन दाखला आणणे, हे बचाव नव्हेत. ते नवे गुन्हे आहेत, आणि पंचशील घेतलेल्या घरात तर त्याला जागाच नाही. पण सरकारने आपला आरोप कायद्याने सिद्ध करावा, अशी मागणी करणे म्हणजे खोटे बोलणे नाही. बाबासाहेबांनी घटनेत अटक झालेल्या माणसाला वकिलाचा हक्क दिला, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे करण्याची सक्ती घातली, ती निर्दोष माणसांपुरती नाही. चुकलेल्यालाही ती आहे.

कागद मागून घ्या आणि वाचा. पहिला कागद मशीनची पावती. तिच्यावर तारीख, वेळ, आकडा आहे का, नाव बरोबर आहे का, सही कुणाची आहे. मशीन वेळोवेळी तपासून प्रमाणित केलेले असावे लागते, त्याचे प्रमाणपत्र वकील कोर्टात मागू शकतो. फुंकण्याच्या अगदी आधी घोट घेतला असेल, अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषध किंवा चूळ भरायचे औषध घेतले असेल, तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा खोटा वाढू शकतो. म्हणून पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासायला सांगावे. अटक करून पोलीस ठाण्यात नेल्यावर तिथे पुन्हा श्वासाचा नमुना देण्याची संधी कायद्यानेच दिलेली आहे, कलम २०३ मध्ये.

दुसरे, घड्याळ. कलम २०२ सांगते की कलम १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावे लागते. अटकेची वेळ आणि दवाखान्याच्या कागदावरची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघा. मावशीच्या मुलाच्या कागदांत मी पहिल्यांदा तेच बघितले.

तिसरे, रक्त. रक्त घेतले असेल तर कुणी घेतले, कातडी पुसायला स्पिरिट वापरले का (वापरायला नको, तेही अल्कोहोलच), बाटलीत रक्त टिकवायचे रसायन होते का, सील कुणापुढे लावले, लेबलवर कुणाचे नाव, पुण्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत ते कधी पोहोचले, मधले दिवस कुठे ठेवले. याला वकील साखळी म्हणतात. बाईचे रक्त पुरुष डॉक्टर घेत असेल तर दुसरी स्त्री हजर असावीच लागते.

ही साखळी किती मोठी गोष्ट आहे ते एका खटल्यावरून कळेल. २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री वांद्र्यात सलमान खान यांची गाडी फुटपाथवर झोपलेल्या कामगारांवर गेली. एक जण मेला, चार जखमी झाले. २०१५ च्या मे महिन्यात सत्र न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. रक्त कसे घेतले, कसे ठेवले, कसे पाठवले, यावर न्यायालयाचा विश्वास बसला नाही, हे त्या निकालातले एक कारण होते. तो निकाल वाचून माझा जीव तुटला, कारण मेलेला माणूस आपल्यासारख्याच घरातला होता. पण मुद्दा हा की त्या बचावाचे कायदे फक्त नटासाठी लिहिलेले नाहीत. इंदापूरच्या कोर्टात पिकअपच्या ड्रायव्हरलाही ते तितकेच लागू आहेत. फरक एवढाच की त्याच्याकडे ते विचारणारा वकील नसतो.

आणि साखळी दुसऱ्या बाजूनेही तुटते. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्यानंतर ससूनमध्ये त्या मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. पैसा असला की बाटली बदलण्याचा विचार डोक्यात येतो. आपल्या घरात तो विचार येऊ नये आणि कुणी सुचवला तर ऐकू नये.

केवळ वासावर भागते का? सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये मुंबईच्या एका जुन्या खटल्यात (बचुभाई करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य) सांगितले होते की तोंडाला वास, अडखळती चाल, मोठ्या झालेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्त-लघवीची तपासणी नसताना, माणूस नशेत होता असे ठरवता येत नाही. डॉक्टरी दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. मधुमेहाच्या माणसाची साखर एकदम खाली गेली की तो घामाघूम होतो, बरळतो, तोल जातो, चिडतो. बघणाऱ्याला तो प्यालेलाच वाटतो. साखर फार वाढून शरीरात आम्ल साठले तर तोंडाला गोडसर, फळासारखा वास येतो. डोक्याला मार लागलेला माणूसही तसाच वागतो. घरात इन्सुलिनवरचा किंवा साखरेच्या गोळ्या घेणारा ड्रायव्हर असेल, तर त्याच्या लायसन्सच्या पाकिटात आजाराची चिठ्ठी आणि खिशात साखरेची पुडी असू द्या. पकडल्यावर पहिले वाक्य ते सांगावे: मला मधुमेह आहे, साखर तपासा.

मात्र फुंकायला नकार देऊ नका. पोरे एकमेकांना सांगतात, "मशीनला तोंडच लावू नको, मग काय करतील?" काय करतील ते सांगते. नकार दिला आणि प्यालेला असल्याचा रास्त संशय असला, तर अटक करता येते, आणि कलम २०५ नुसार विनाकारण दिलेला नकार तुमच्याच विरुद्ध वापरता येतो. "मला माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला लावू शकत नाही" हा हक्क खरा आहे, पण तो बोलण्यापुरता. किती प्यालास, कुठे प्यालास, कुणाबरोबर, या प्रश्नांना उत्तर द्यायची सक्ती नाही. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. पण कोऱ्या कागदावर सही कधीच नको. लिहिलेले वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणावे. हुज्जत, शिवीगाळ, ढकलाढकली तर अजिबात नको. दारूच्या एका कलमात सरकारी कामात अडथळ्याचे कलम मिसळले की गोष्ट फार जड होते. अटक झाली तर कारण सांगणे आणि घरच्या एका माणसाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

कागदात काहीच खोट नसेल तर? मशीन बरोबर, वेळ बरोबर, डॉक्टर बरोबर, माणूस खरेच प्यालेला. तेव्हा लढणे म्हणजे फक्त तारखा वाढवणे. तरी "कबूल" म्हणण्याआधी वकिलाशी बोलावे, कारण आणखी एक वाट आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचे कलम ३ असे की दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्ट समज देऊन सोडू शकते. त्या कायद्याने सुटलेल्यावर शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हे मागावे लागते, आपोआप मिळत नाही. न्यायाधीश देतीलच असे नाही, दारूच्या बाबतीत कोर्टे कडक असतात. पण पहिलाच गुन्हा, अपघात नाही, उपचार सुरू केल्याचा कागद, घरची परिस्थिती, हे अर्जात मांडले तर निदान दंडावर भागण्याची शक्यता वाढते.

वकील कुठून आणायचा, हा मावशीचा दुसरा प्रश्न होता. फुकट. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपण बौद्ध झालो म्हणून हा हक्क जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती कायम झाल्या. जातीचा दाखला आणि केसचे कागद घेऊन तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही हा हक्क जातीशिवायच आहे.

अपघात झाला असेल तर मात्र वरचे सगळे वेगळे होते. १२ नोव्हेंबर २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर ॲलिस्टर परेरा याच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले सात मजूर मेले. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची सक्तमजुरी कायम केली. तिथे दहा हजारांचा प्रश्न नसतो. विम्याचेही तसेच. प्यालेल्या ड्रायव्हरच्या गाडीचे नुकसान कंपनी देत नाही, आणि मशीनची चाचणी झालीच नव्हती म्हणून विमा द्यावाच लागेल असे नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितले आहे. समोरच्याला दिलेली भरपाईसुद्धा मालकाकडून वसूल होऊ शकते. कर्जाची पिकअप असेल तर घर जाते. मालकांनीही ऐकावे: प्यालेला आहे हे दिसत असताना चावी हातात दिली, तर कलम १८८ खाली चिथावणीबद्दल तीच शिक्षा मालकालाही आहे.

एक डॉक्टरी गोष्ट राहिली आणि ती जिवाची आहे. जो रोज पितो त्याला अचानक कोठडीत दिवसभर दारू मिळाली नाही, तर हात थरथरतात, घाम येतो, झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊ लागतात. याने माणूस मरू शकतो. लोक म्हणतात नाटक करतोय. घरच्यांनी पोलिसांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरला स्पष्ट सांगावे की हा रोज किती घेतो, शेवटची कधी घेतली, झटके आधी आले होते का. लाज इथे ठेवू नये. अशा माणसाची दारू घरीसुद्धा एकदम बंद करू नये, दवाखान्यात दाखवून बंद करावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी फोन आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६. पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण आहे. तिथून बाहेर पडून पुन्हा स्टिअरिंगवर बसलेले लोक मी पाहिले आहेत.

पाचवे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो आणि बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरी हळदीत, जत्रेत, अगदी जयंतीच्या मिरवणुकीमागेही बाटली असते, हे आपल्याला माहीत आहे. महामार्गाच्या कडेची दुकाने पाचशे मीटर आत न्यावीत म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये आदेश दिला, पुढे तो बराच सैल झाला. पण मावशीच्या पोराची दारू महामार्गावरून आली नव्हती, मांडवातून आली होती. निदान ज्याला पहाटे गाडीवर जायचे आहे त्याच्या हातात ग्लास देऊ नये, एवढे हळदीच्या घरच्यांना सांगता येईल.

मावशीच्या मुलाच्या कागदांत अटकेची वेळ एक आहे आणि दवाखान्याच्या कागदावरची वेळ तिच्यापासून पावणेतीन तास लांब आहे. विधी सेवा समितीने दिलेल्या वकीलबाईंनी ते लाल पेनाने गोल करून ठेवले आहे. कोर्ट त्याचे काय करील ते कोर्ट ठरवील. मुलाने घरात सगळ्यांसमोर सांगितले की प्यालो होतो, आणि कोर्टात वकील सांगतील तसे, पण खोटे नाही. तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर पिकअप त्याचा चुलतभाऊ चालवतो, आणि हा मागे बसून मासळीचे खोके उतरवतो.